डिपर मेला, क्रोम तेवढा चमकतोय

सरळ मुद्द्यावर येतो. जुन्या गाड्या रिस्टोअर करायचं आपल्याकडे सध्या पेव फुटलंय. चांगली गोष्ट आहे. भंगारात निघालेली गाडी कुणी वाचवत असेल तर मी त्याला दोन हात जोडून नमस्कार करीन. पण या सगळ्यात जुन्या गाड्यांच्या हेडलाइटची जी वाट लावली जातेय त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही, म्हणून लिहितोय. जरा लांबेल. ज्यांना गाडीबरोबर फक्त सेल्फी काढायचाय त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल.

मी गेली तीस वर्षं ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतो. थंडी सुरू झाली की रविवारी सकाळी व्हिंटेज रॅल्या निघतात. फेटे, हारतुरे, ढोलताशा, एखादा आमदार झेंडा दाखवायला. गाड्या अशा चमकतात की त्यात तोंड बघून भांग पाडावा. पण एकदा वाकून डूममध्ये बघा. १९४० च्या आसपासची गाडी आणि आत ऑनलाइन मागवलेला, पाठीमागे चिमुकला पंखा असलेला, निळसर पांढरा एलईडी बल्ब! रिफ्लेक्टरला बंपरसारखा क्रोम मारलेला. काच दुसऱ्याच कुठल्या गाडीची. डिपरचा स्विच दाबला तर काहीच होत नाही, कारण ती वायर तोडून टाकलेली असते. आणि अशा गाडीला ‘उत्कृष्ट जतन’ म्हणून चषक मिळतो.

याला जतन म्हणायचं असेल तर घरातल्या जुन्या समईत ट्यूबलाइट बसवणाऱ्यालाही पुरस्कार द्या.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा दिव्याचं काय घेऊन बसलात. तर ऐका. हेडलाइट म्हणजे गाडीच्या नाकावर चिकटवलेला दागिना नव्हे. मोटार आली तेव्हापासून एकच कोडं कारखानदारांना छळत आलंय. मला रस्ता दिसला पाहिजे आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपता कामा नयेत. दोन्ही एकाच वेळी. जुन्या गाड्यांत ज्या चित्रविचित्र हेडलाइट दिसतात ना, फिरणाऱ्या, झुकणाऱ्या, लपणाऱ्या, त्यातल्या कितीतरी या कोड्याची उत्तरं आहेत. कुणाचं उत्तर जमलं, कुणाचं फसलं, पण प्रत्येकात डोकं लावलेलं आहे. ते उत्तर पुसून टाकलं की उरतो तो नुसता पत्रा.

डिपर हा शब्दच घ्या. ट्रकच्या मागे लिहिलेला असतो म्हणून आपल्याला पाठ. पण ‘डिप’ म्हणजे खाली झुकणं, आणि एके काळी दिवा खरोखरच झुकत असे. १९२० च्या दशकातल्या रोल्स रॉइस आणि बेंटली गाड्यांवर बार्कर कंपनीची डिपिंग यंत्रणा मिळायची. ड्रायव्हरच्या हाताशी एक दांडा. तो ओढला की सळ्यांच्या जोडणीने पुढचे दोन्ही मोठे दिवे आख्खेच्या आख्खे खाली झुकायचे. समोरून कुणी आलं की गाडीने मान लववायची. वीज, स्विच वगैरे काही भानगड नाही, सगळा सळ्यांचा खेळ. आज अशी यंत्रणा असलेली गाडी रिस्टोअरला गेली की पहिलं काम काय होतं? दिवे खडखडतात म्हणून सळ्या काढून सांधे वेल्ड करतात. खडखडाट बंद. दांडा तेवढा शोभेला राहतो, पॉलिश करून.

त्यानंतर इंग्लंडमध्ये ल्यूकसने आणखी एक गंमत केली, आणि ही आपल्याकडच्या बऱ्याच मॉरिस-ऑस्टिनमध्ये होती. डाव्या दिव्याच्या आतला रिफ्लेक्टर खिळीवर बसवलेला. डिपरचा स्विच दाबला की आतली विजेची कॉइल त्या रिफ्लेक्टरला खेचते, उजेडाचा झोत खाली आणि डाव्या कडेला जातो. उजवा दिवा, म्हणजे समोरच्याच्या बाजूचा, सरळ विझतो! ब्रिटनची आणि आपली वाहतूक डावीकडून, त्यामुळे हिशेब दोन्हीकडे बरोबर बसतो.

आता यातली मजा बघा. एक निवृत्त गृहस्थ वडिलांची मॉरिस एट घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, ‘दादा, हिचा आधी एक लाइट जात होता, तो एका गॅरेजवाल्याने नीट करून दिला, पण आता समोरचे लोक शिव्या घालतात.’ उघडून बघितलं. त्या महाभागाने ‘डिपरला उजवा लाइट जातो’ हा फॉल्ट समजून दोन्ही दिवे कायमचे एका वायरवर घेतले होते. डावीकडची कॉइल काढून फेकून दिलेली. तिच्या जागी एम-सील. वर बिल लावलं होतं ‘हेडलाइट रिपेअर’ म्हणून. नीट चालणारी वस्तू त्याने रिपेअर करून बिघडवली होती.

ती कॉइल परत बनवायला मला तीन आठवडे लागले. काम अवघड नाही, चिकट आहे. रिफ्लेक्टर खेचून आणायला जोर लागतो, म्हणजे करंट जास्त. एकदा खेचला की नुसता धरून ठेवायला थोडका करंट पुरतो. म्हणून आत एक बारीकसा कॉन्टॅक्ट असतो, रिफ्लेक्टर जागेवर पोचला की तो जादा करंट तोडतो. हा कॉन्टॅक्ट कार्बन धरून चिकटला की कॉइल तापते आणि जळते. नव्वद टक्के वेळा आजार एवढाच. बारीक पॉलिश पेपरने कॉन्टॅक्ट साफ करा, खिळीतला जुना घट्ट झालेला ग्रीस काढा, फ्यूज योग्य त्या ताकदीचा घाला. जळलेली कॉइल मोटर वाइंडिंगवाला भरून देतो, मात्र तार किती जाडीची आणि वेढे किती ते जुन्या कॉइलवरून मोजून घ्यायचं. फेकून दिली तर मोजणार काय, कपाळ?

हो, एक प्रामाणिक अडचण सांगून ठेवतो. आजच्या रस्त्यावर एकच दिवा लावून आलात तर समोरच्याला मोटरसायकल वाटेल. म्हणून या गाड्यांच्या मडगार्डवरचे साइड लॅम्प दोन्ही चालू पाहिजेत, गाडीची रुंदी त्यावरून कळते. आणि अशी गाडी रात्री हायवेला नेऊच नका. तिचं वय काय, आपलं चाललंय काय.

जीपकडे येऊ, कारण ती आपल्या घरातली. महिंद्रांनी १९४७ पासून मुंबईत विलिज जीप जुळवायला घेतल्या, आणि त्याच्या आधी दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी जीप लिलावातून गावोगाव गेल्या. त्या युद्धातल्या जीपच्या हेडलाइटला मागे बिजागरी असते. तितरीचा नट सैल केला की आख्खा डूम उलटा फिरवून बॉनेटच्या आत वळवता येतो. रात्री इंजिनाचं काम निघालं तर बॅटरी धरायला दुसरा माणूस नको. डाव्या मडगार्डवर ब्लॅकआउटसाठी वेगळा झाकलेला दिवा, ज्याचा उजेड फक्त चाकापुढच्या जमिनीवर पडावा, विमानाला दिसू नये. बघा, ‘उजेड कुठे पडू नये’ याचा इतका विचार! आणि आपले हौशी लोक याच जीपला काय करतात? बिजागरी कापतात, आत गोल एलईडीचा ‘एंजल आय’ बसवतात आणि वर काचेच्या डोक्यावर चार फुटी एलईडी पट्टी. शिवाय कुठलीशी लष्करी खूण रंगवायला विसरत नाहीत.

त्या पट्टीचं खरं खानदान मी सांगतो. संस्थानिकांच्या शिकारीच्या गाड्या. कोट्याचे महाराव उमेदसिंग यांच्यासाठी १९२५ साली बनवलेली रोल्स रॉइस फँटम प्रसिद्ध आहे, वाघाच्या शिकारीसाठी मोठाले सर्चलाइट लावलेली. तिथे समोरच्या जिवाला दिपवणं हाच हेतू होता. डोळे दिपले की जनावर जागेवर थिजतं. आज रात्री शेवाळवाडीकडून येताना समोरची गाडी पट्टी पेटवून येते तेव्हा आपण काही सेकंद तसेच थिजतो, फक्त आपण दुचाकीवर असतो आणि मागे लेकरू बसलेलं असतं.

परदेशातलं थोडं सांगतो, कारण त्या गाड्या आपल्याकडच्या हौशी लोकांनाही फोटोत पाहून आवडतात आणि उदाहरणं द्यायला तेच पुढे असतात. चेकोस्लोव्हाकियाच्या टाट्राने १९३० च्या दशकात नाकावर तिसरा दिवा बसवला. अमेरिकेत प्रेस्टन टकरने १९४८ च्या गाडीत मधोमध एक डोळा दिला. स्टीअरिंग दहा अंशांपेक्षा जास्त वळवलं की तो पेटायचा आणि वळणाच्या दिशेने फिरायचा. अशा गाड्या जेमतेम ५१ बनल्या आणि कंपनी बुडाली. पण सगळ्यात देखणं उत्तर फ्रेंचांचं. सिट्रोएन डीएस १९५५ ची, तिला १९६७ मध्ये नवं नाक दिलं. एकाच काचेच्या आत दोन-दोन दिवे. आतले लांब पल्ल्याचे दिवे स्टीअरिंगला तारेने जोडलेले, चाक वळलं की ते वळणार, म्हणजे घाटातल्या वळणावर उजेड दरीत न जाता रस्त्यावर जाणार. बाहेरचे दिवे गाडीच्या सस्पेन्शनला जोडलेले. ब्रेक मारल्यावर नाक खाली गेलं, किंवा मागे सामान भरल्यावर नाक वर झालं, तरी झोत आपल्या पातळीवर. साध्या तारा, लिव्हर आणि दांड्या यांच्यावर हे सगळं चाललेलं.

अमेरिकेने काय केलं माहितीय? तिथे १९४० पासून एका ठरावीक मापाचा गोल सीलबंद दिवाच लावायचा असा शिरस्ता होता. स्वस्त, कुठेही मिळणारा, पण डोकं चालवायला जागा नाही. तिथल्या नियमांत डीएसची काचही बसेना आणि दिव्यांचं फिरणंही बसेना. म्हणून तिकडे विकलेल्या डीएसला उघडे, न फिरणारे दिवे दिले. नियम दिपवण्याविरुद्ध असतो की दिव्याच्या आकाराविरुद्ध, हा फरक सरकारला कळला नाही की असं होतं. आपल्याकडे तर मुद्दा आणखी पुढे गेलाय, पण तिकडे येतोच.

लपणाऱ्या दिव्यांचं दोन वाक्यांत उरकतो. १९३६ च्या कॉर्ड ८१० मध्ये डॅशबोर्डवरचे दोन हँडल फिरवून मडगार्डातून दिवे बाहेर काढावे लागत. १९६२ च्या लोटस एलानमध्ये हेच काम इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालायचं आणि रबराची एखादी नळी चिरली की दिवे पापण्या मिटल्यासारखे हळूहळू खाली यायचे. यावर उपाय शंभरेक रुपयांच्या रबरी नळ्यांचा, पण लोक घालतात इलेक्ट्रिक मोटर.

आता कामाचं बोलू. मला रोज एकच वाक्य ऐकवलं जातं, ‘जुने लाइट मिणमिणतात हो, रात्री दिसत नाही, सेफ्टी म्हणून एलईडी टाकला.’ सेफ्टी म्हटलं की वाद संपतो असं लोकांना वाटतं. तर सेफ्टीबद्दलच बोलतो.

जुना दिवा मिणमिणतो याची कारणं बल्बमध्ये क्वचितच असतात. पहिलं कारण, वाटेत गळणारा व्होल्टेज. सत्तर वर्षांची वायर, काळे पडलेले स्विच, गंजलेलं अर्थिंग. बल्बचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याच्या कितीतरी पट वेगाने पडतो. १२ व्होल्टच्या गाडीत बल्बपर्यंत १०.८ च पोचले, म्हणजे व्होल्टेज दहा टक्के कमी, तर उजेड साधारण तीस टक्के जातो. ६ व्होल्टच्या गाडीत तर अर्धा व्होल्ट गळाला की उजेडाचा पाव हिस्सा गेलाच समजा. मीटर घ्या, दिवे चालू ठेवून बल्बच्या होल्डरवर व्होल्टेज मोजा. मग बॅटरीवर मोजा. फरक किती ते बघा. मी आजवर उघडलेल्या जुन्या गाड्यांत हा फरक एक व्होल्टच्या आत असलेल्या बोटावर मोजण्याइतक्या.

उपाय स्वस्त आहे. बॅटरीकडून जाड वायर, प्रत्येक फिलामेंटच्या सर्किटला एक रिले, जुना स्विच फक्त रिलेला हुकूम देणार. डूमपासून थेट चासीला वेगळी अर्थिंगची वायर, रंग खरवडून, उघड्या पत्र्यावर. रिले आत कुठेतरी दडवा, गाडीचं मूळ रूप अजिबात बिघडत नाही. हे केल्यावर गिऱ्हाईक विचारतं, ‘बल्ब कुठला टाकला?’ मी सांगतो, तोच आहे.

दुसरं कारण रिफ्लेक्टर. इथे तर अज्ञानाचा नुसता बाजार भरलाय. १९५० च्या आधीच्या चांगल्या दिव्यांचे रिफ्लेक्टर पितळेचे, वर चांदीचा मुलामा. चांदी काळी पडते हे आपल्या देवघरात कुणालाही कळतं. मग मालक तो रिफ्लेक्टर प्लेटिंगवाल्याकडे देतात आणि तो बंपरबरोबर त्यालाही क्रोम मारून आणतो. दिसायला झकास. पण क्रोम आपल्यावर पडलेल्या शंभरातला साधारण पासष्टच हिस्सा उजेड परत फेकतो. चांदी नव्वदच्या वर, ॲल्युमिनियमचा थर पंच्याऐंशी-नव्वद. म्हणजे तुम्ही पैसे मोजून एक तृतीयांश दिवा विझवून आणलात! आणि मग ‘मिणमिणतो’ म्हणून त्यात एलईडी.

आपल्या शहरात देवाची भांडी, ताम्हन-पंचपात्री यांना चांदीचा मुलामा देणारे कारागीर आजही आहेत. त्यांच्याकडे जा. पितळेचा रिफ्लेक्टर त्यांना जमतो. फक्त बजावून सांगा, आतल्या बाजूला हातोडी मारायची नाही, खोलगट आकार एक केसभर बदलला तरी झोत फुटतो, आणि वर लाखेचा, वार्निशचा हात द्यायचा नाही. नंतरच्या काळातले पत्र्याचे रिफ्लेक्टर ॲल्युमिनियमच्या थराचे, त्यांना व्हॅक्यूममध्ये नवा थर द्यावा लागतो. त्यांना कृपा करून ब्रासो लावू नका. तो थर इतका पातळ असतो की एका पुसण्यात निघतो आणि खालचा राखाडी पत्रा तुमच्याकडे बघून हसतो. बोटही लावू नका. धूळ असेल तर फुंकर, फार तर डिस्टिल्ड वॉटर.

आता एलईडी त्यात का चालत नाही तेही ऐका, म्हणजे वादाला आलेल्याला सांगता येईल. रिफ्लेक्टरला एक नेमका बिंदू असतो, फिलामेंट तिथेच बसवलेली असते, मिलिमीटरच्या हिशेबाने. एच-फोर बल्बमध्ये दोन फिलामेंट असतात आणि डिपरच्या फिलामेंटखाली पत्र्याची छोटी वाटी. ती वाटी खालून जाणारा उजेड अडवते, म्हणून डिपरला वर अंधार आणि खाली उजेड अशी सरळ रेघ पडते. समोरच्याचे डोळे त्या अंधारात सुरक्षित. एलईडीच्या पट्टीवरचे ठिपके दोन बाजूंना चिकटवलेले, ते फिलामेंटच्या जागी नेमके येत नाहीत. रेघ फुटते, उजेड सगळीकडे सांडतो. ड्रायव्हरला वाटतं काय लख्ख दिसतंय, कारण त्याच्या दहा फूट पुढचा डांबर पांढराशुभ्र होतो. लांबचं त्याला आधीपेक्षा कमी दिसतं, आणि समोरच्याला तर काहीच दिसत नाही. शंभर वॉटचे बल्ब घालणाऱ्यांनाही हेच, वर त्यांचा स्विच वितळतो.

काचेचंही असंच. डूमच्या काचेवरच्या उभ्या-आडव्या रेघा नक्षीसाठी नाहीत, त्या भिंगं आहेत. युरोपातून हौसेने आणलेली काच उजवीकडून चालणाऱ्या देशाची असेल तर तिचा डिपरचा झोत उजव्या कडेला वर चढतो. तिकडे ती रस्त्याची कड. आपल्याकडे त्या बाजूने समोरचा माणूस येतोय. त्यामुळे काच विकत घेताना दुकानदाराला पहिला प्रश्न हा विचारा. नाना पेठेत किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या डूमचे ढीग असतात, त्यात फियाट-ॲम्बेसेडरच्या आपल्याकडच्याच काचा मिळतात. निदान अजून मिळतात. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ ला रस्त्यावरून गेली, त्यामुळे तो ढीग आता वाढणार नाही.

आता सरकार. केंद्रीय मोटार वाहन नियमांत १०६ वा नियम आहे. त्यात स्पष्ट लिहिलंय की हेडलाइटचा झोत असा खाली वळवलेला हवा, की दिव्यापासून ८ मीटरवर, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर असलेल्या डोळ्याला तो दिपवणार नाही. किती सुंदर नियम आहे! माणसाचा डोळा कुठे असेल ते मोजून लिहिलंय. तुम्ही कधी कुणाला हे मोजताना पाहिलंय? मी नाही पाहिलं. एके काळी निदान काचेच्या वरच्या भागावर काळा रंग मारायला लावायचे. अडाणी उपाय होता, पण ट्रक-एसटीपासून फियाटपर्यंत सगळ्यांच्या डोळ्यांवर तो काळा डाग असायचा आणि निदान ‘दिपवू नये’ ही गोष्ट लोकांच्या डोक्यात राहायची.

२०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आले. ५० वर्षांच्या वरची गाडी, मूळ स्वरूपात असली पाहिजे, ‘व्हीए’ची नंबरप्लेट, नव्या नोंदणीला २० हजार रुपये, नूतनीकरणाला ५ हजार. पद्मिनी हे नाव १९७४ मध्ये आलं, म्हणजे पहिल्या पद्मिन्याही आता या वयात बसल्या. मूळ स्वरूपाची व्याख्या करताना चासी, बॉडी, इंजिन यांच्यात मोठा फेरफार नको, असं म्हटलंय. दिव्यांचं नाव नाही. म्हणजे इंजिन बदललं तर गाडी बाद आणि डोळे काढून कंचे बसवले तरी गाडी ‘मूळ स्वरूपात’. ज्या समितीसमोर या गाड्या जाणार तिने हेडलाइट लावून डिपर मारून बघायला काय हरकत आहे? पाच मिनिटांचं काम.

‘श्रीमंतांचे चोचले आहेत, आम्हाला काय त्याचं?’ असंही काही जण म्हणतील. मला पटत नाही. रॅलीत बक्षीस मिळालेली गाडी जे करते तेच गल्लीतला पोरगा आपल्या बुलेटला करतो, रिक्षावाला रिक्षाला करतो, टेम्पोवाला टेम्पोला. माझ्याकडे येऊन ते त्या गाडीचा फोटो दाखवतात, ‘असाच टाका.’ मी टाकत नाही. ते पुढच्या दुकानात जातात, तिथे दहा मिनिटांत टाकून मिळतो. दोनशे-तीनशे रुपयांचा माझा धंदा जातो, त्याचं दुःख नाही. पण रात्री घरी जाताना तोच बल्ब मला समोरून भेटतो.

म्हणून रॅली भरवणाऱ्या मंडळींना जाहीर विनंती करतोय. गुणपत्रिकेत रंगाला गुण आहेत, क्रोमला आहेत, मालकाच्या पोशाखालाही आहेत. हेडलाइटला ठेवा. रिफ्लेक्टर मूळ धातूचा आहे का, काच आपल्या बाजूची आहे का, झुकणारा-फिरणारा दिवा झुकतो-फिरतो का, आणि डिपर मारल्यावर रेघ कुठे पडते. एलईडी असेल तर गाडी स्पर्धेतून बाहेर. चषक आपल्या घरचाच आहे ना, मग नियम करायला दिल्लीला जायची गरज नाही.

आणि तपासायला लाखाचं यंत्रही लागत नाही. सपाट जमीन, एक भिंत. गाडी भिंतीपासून १० मीटरवर सरळ उभी करायची, चाकांत हवा बरोबर, ड्रायव्हर बसलेला. दिव्याच्या मध्याची उंची जमिनीपासून मोजायची आणि भिंतीवर त्या उंचीला खडूने रेघ मारायची. तिच्या खाली १० सेंटिमीटरवर दुसरी रेघ. एच-फोर बल्बच्या गाडीत डिपर लावल्यावर उजेडाची वरची कड या दुसऱ्या रेघेवर बसली पाहिजे, आणि चढलीच तर फक्त डावीकडे चढली पाहिजे. त्याहून जुन्या, अशी रेघच न पाडणाऱ्या दिव्यांना एवढंच बघा की झोताचा सगळ्यात प्रखर भाग पहिल्या रेघेच्या वर जात नाही.

पुढची रॅली डिसेंबरात आहे म्हणतात. आदल्या संध्याकाळी गाड्या मैदानावर लागतातच, आणि त्या मैदानाला एक बऱ्यापैकी लांब, पांढरी भिंत आहे, मी बघून आलोय. टेप, खडू आणि मीटर माझा. ज्यांना आपली गाडी लावून बघायचीय त्यांनी सात वाजता या, अंधार पडल्यावर.